पाकिटावरचं लपलेलं दूध कसं ओळखायचं? व्हिगन मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत व्हिगन झालेली, म्हणजे मांस-अंड्यांसोबत दूध-तूपही सोडलेली, बरीच मंडळी मला पाकिटांचे फोटो पाठवतात आणि विचारतात, "ताई, यात दूध आहे का हो?" कधी फोटो नवी पेठेतल्या दुकानातला असतो, कधी गावी निघताना एसटी स्टँडवरचा. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथं एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथं त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. कंपनी सहसा दूध लपवत नाही, कायद्यानं ते लिहावंच लागतं. पण घटकांच्या यादीत ते बऱ्याचदा "दूध" या नावानं लिहिलेलं नसतं, आणि जे नाव लिहिलेलं असतं ते आपल्या ओळखीचं नसतं. ती ओळख झाली की निम्मं काम संपतं.

१. पाकिटावर हिरवा ठिपका आहे, म्हणजे दूध नाही असं समजायचं ना?

नाही. सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. हिरवा ठिपका शाकाहाराचा आहे, आणि आपल्या कायद्याच्या लेखी दूध, दही, तूप, खवा, चीज हे सगळं शाकाहारीच. एफएसएसएआय, म्हणजे देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, मांसाहारी पदार्थाच्या व्याख्येत प्राण्यापासून मिळणारं सगळं धरतं, पण दूध व दुधाचे पदार्थ, मध, मधमाशीचं मेण आणि किड्यांपासून मिळणारी लाख यांना वगळतं. म्हणून पेढ्यांच्या खोक्यावर, तुपाच्या बरणीवर आणि शेंगदाण्याच्या पुडीवर ठिपका एकच. तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण दिसला तर वस्तू ठेवून द्या. हिरवा दिसला तर पाकीट उलटं करून वाचायला सुरुवात करा.

२. मग व्हिगन वस्तूचं वेगळं चिन्ह असतं का? ते नसेल तर वस्तू घ्यायचीच नाही का?

असतं. 2022 मध्ये व्हिगन अन्नासाठी स्वतंत्र नियम आले. हिरव्या रंगात इंग्रजी व्ही अक्षर आणि त्याला फुटलेलं पान, असं ते चिन्ह आहे. ते छापायचं तर वस्तूत, तिच्या चवीच्या द्रव्यांत, एन्झाइम्समध्ये आणि बनवतानाच्या मधल्या टप्प्यांतही प्राण्यापासून आलेलं काही चालत नाही. चिन्ह दिसलं की निर्धास्त घ्या.

पण चिन्ह नाही म्हणून वस्तू टाकू नका. त्यासाठी वेगळी मंजुरी घ्यावी लागते आणि घरगुती उद्योग त्या वाटेला जात नाहीत. सोलापूरची शेंगा चटणी कुठल्याही व्याख्येनं व्हिगन आहे, तरी बहुतेक पुड्यांवर तुम्हाला फक्त हिरवा ठिपका दिसेल (प्रश्न १० पाहा).

३. पाकीट हातात घेतलं की आधी कुठं बघायचं? अक्षरं इतकी बारीक असतात की सगळं वाचणं होत नाही.

सगळं वाचूच नका. घटकांची यादी संपते तिथं, तिच्या खाली किंवा शेजारी, ऍलर्जीची ओळ असते. इंग्रजीत "कंटेन्स" म्हणून सुरू होते, बऱ्याचदा ठळक छापलेली असते. गहू, दूध, अंडी, मासे, कवचाचे जलचर, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणाच्या वरचे सल्फाइट यांतलं काही वस्तूत असेल तर ते इथं सांगणं बंधनकारक आहे. "मिल्क" दिसलं, पाकीट खाली. पाच सेकंदांचं काम.

तिथं दूध नसेल तर घटकांची यादी वाचा. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, सर्वांत जास्त असलेला घटक पहिला. दुधाचे घटक बऱ्याचदा शेपटाला, मीठ-मसाल्याच्या आसपास सापडतात, म्हणून शेवटापासून उलट वाचत या. मी दुकानात मोबाइलचा कॅमेरा लावते, फोटो काढते आणि तो बोटांनी मोठा करून वाचते. चकचकीत पाकिटावर उजेड परावर्तित होतो, तेव्हा पाकीट थोडं तिरकं धरलं की अक्षरं दिसतात.

दोन अडचणी लक्षात ठेवा. लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं तरी कायद्याला पुरतं, मराठी असेलच असं नाही. आणि शंभर चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या लहान पाकिटाला घटकांच्या यादीतून सूट आहे, ती यादी मोठ्या खोक्यावर असते. पाच रुपयांच्या पुडीवर काही लिहिलेलं नसेल तर दुकानदाराकडं खोकं मागा. मागितलं तर दाखवतात.

४. दुधाची कोणकोणती नावं यादीत येतात?

हे पाठ करण्यापेक्षा समजून घेतलेलं बरं. श्रीखंडासाठी आपण दही फडक्यात बांधून टांगतो तो प्रसंग आठवा. फडक्यात चक्का राहतो आणि खालच्या पातेल्यात पिवळट हिरवं पाणी जमतं. दुधाचे असेच भाग कारखान्यात वेगळे करतात, वाळवतात आणि प्रत्येक भाग वेगळ्या नावानं विकतात. गाईच्या दुधात साधारण 87 टक्के पाणी असतं. उरलेल्यात स्निग्धांश, प्रथिनं, दुधातली साखर आणि क्षार. पाकिटावर जी अनोळखी नावं दिसतात ती यांतल्याच कुणाची तरी असतात.

फडक्यात राहतं ते मुख्यतः केसीन. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के तेच असतं. यादीत ते केसीन, केसिनेट, सोडियम केसिनेट, कॅल्शियम केसिनेट अशा नावांनी येतं. पातेल्यातलं पाणी म्हणजे व्हे. ते वाळवलं की व्हे पावडर, त्यातली प्रथिनं वेगळी केली की व्हे प्रोटीन, कॉन्सन्ट्रेट किंवा आयसोलेट. लॅक्टाल्ब्युमिन आणि लॅक्टोग्लोब्युलिन हीसुद्धा त्या पाण्यातलीच प्रथिनं. गाईच्या दुधात साडेचार-पाच टक्के साखर असते, तिचं नाव लॅक्टोज. नावात साखरेचा वास नसल्यामुळं ती सहज नजरेतून सुटते.

स्निग्धांश बटर ऑइल, बटर फॅट, मिल्क फॅट, अनहायड्रस मिल्क फॅट, क्रीम, घी अशा नावांनी येतो. आणि सगळं एकत्र वाळवलेलं असलं की मिल्क सॉलिड्स, मिल्क पावडर, स्किम्ड मिल्क पावडर, कंडेन्स्ड मिल्क, कर्ड पावडर, बटरमिल्क पावडर, चीज पावडर. हिंदी लेबलवर मावा, खोया, छाछ, मट्ठा, दुग्ध ठोस हे शब्द शोधा.

लक्षात ठेवायला एक खूण पुरते: "केस", "व्हे" आणि "लॅक्ट" या तीन सुरुवाती. पहिल्या दोन जवळजवळ नेहमी दुधाच्या. तिसरी कधी असते, कधी नसते. ते पुढच्या उत्तरात.

५. लॅक्टिक ऍसिडला मराठीत दुग्धाम्ल म्हणतात. मग ते दुधाचंच असणार की!

नाव दुधावरून पडलं हे खरं. 1780 मध्ये शीले या रसायनशास्त्रज्ञानं ते आंबलेल्या दुधातून पहिल्यांदा वेगळं केलं. आज मात्र खाद्यपदार्थांत वापरलं जाणारं लॅक्टिक ऍसिड साखर किंवा पिष्ट आंबवून जिवाणूंकडून तयार करून घेतात. त्यामुळं लॅक्टिक ऍसिड, सोडियम लॅक्टेट, कॅल्शियम लॅक्टेट दिसलं आणि ऍलर्जीच्या ओळीत दूध नसेल, तर मी ती वस्तू घेते. ब्रेडमधलं सोडियम स्टिअरॉइल लॅक्टिलेटही त्याच घरातलं.

नावानं घाबरवणारे आणखी काही: कोको बटर हे कोकोच्या बियांचं तेल, पीनट बटर म्हणजे दाण्याचं लोणी, कोकोनट मिल्क म्हणजे नारळाचं दूध. क्रीम ऑफ टार्टार द्राक्षांपासून मिळतं. कॅरॅमल रंग, आयएनएस 150 (रंग वगैरे मिश्रकांना यादीत दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक), साखर तापवून करतात. मात्र "कॅरॅमल" नावाची टॉफी किंवा सॉस निराळा, त्यात बहुधा दूध-लोणी असतं.

उलटा घोटाळाही आहे. 2021 मध्ये एफएसएसएआयनं वनस्पतीजन्य पेयांना "मिल्क" म्हणायला मनाई केली, नारळाचं दूध आणि पीनट बटर यांसारखी रूढ नावं सोडून. त्यामुळं सोयाचं दूध तुम्हाला "सोया ड्रिंक" किंवा "बेव्हरेज" या नावानं शोधावं लागतं. बऱ्याच जणांनी ते समोर असूनही ओळखलं नाही असं मला सांगितलं आहे.

६. आयएनएसचे आकडे कसे वाचायचे? त्यात दूध असतं का?

फार थोड्यांत. 270, 325, 327, 481 या लॅक्टिकच्या गोतावळ्याबद्दल वर आलंच. 322 म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाचं, आणि तसं असेल तर ऍलर्जीच्या ओळीत सोया दिसतं. 471 हे स्निग्धाम्लांपासून बनतं. आपल्याकडं ते बहुतेक वनस्पती तेलांतून येतं, पण आकड्यावरून मूळ कळत नाही, म्हणून मनात किंतु असेल त्यांनी कंपनीला विचारावं (प्रश्न १५).

खरोखर दुधापासून बनणारा आकडा म्हणजे 966, लॅक्टिटॉल. तो दुधातल्या लॅक्टोजपासून करतात आणि साखरविरहित गोळ्या-चॉकलेटांत भेटतो. मधुमेह असलेल्या व्हिगन मंडळींनी हा एक आकडा पाठ करावा. 901 मधमाशीचं मेण आणि 904 लाख यांचा दुधाशी संबंध नाही, पण व्हिगन माणसाला ते चालत नाहीत आणि हिरव्या ठिपक्याला ते चालतात, म्हणून सांगितलं.

७. "मे कंटेन ट्रेसेस ऑफ मिल्क" असं लिहिलंय. घ्यायचं का?

याचा अर्थ वस्तूत दूध घातलेलं नाही, पण त्याच यंत्रावर किंवा त्याच छपराखाली दुधाची वस्तू बनते, त्यामुळं अंश लागला असण्याची शक्यता आहे. मी स्वतः व्हिगन म्हणून अशी वस्तू घेते, कारण माझ्या खरेदीमुळं त्यासाठी दुधाची मागणी वाढत नाही. काही जण घेत नाहीत, त्यांचंही बरोबर आहे. घरात कुणाला दुधाची ऍलर्जी असेल तर मात्र हा मताचा प्रश्न राहत नाही, त्यासाठी प्रश्न १४ वाचाच.

८. बिस्किटं आणि ब्रेड नेहमी बाद का होतात?

कारण दूध पावडरीनं रंग छान येतो, चव गोल होते आणि कणीक मऊ राहते. ग्लुकोज बिस्किटं, मारी, क्रीमची बिस्किटं, सगळ्यांत मिल्क सॉलिड्स, व्हे किंवा बटर यांतलं काही ना काही सापडू शकतं, आणि एकाच कंपनीच्या दोन प्रकारांत वेगवेगळं असतं. गंमत अशी की "क्रीम" बिस्किटातलं क्रीम बऱ्याचदा साखर आणि वनस्पती तेलाचंच असतं, दूध असतं ते बाहेरच्या बिस्किटात. ब्रेडचंही तसंच. मिल्क ब्रेड सोडाच, साध्या पांढऱ्या ब्रेडची यादीसुद्धा वाचावी लागते.

९. चिप्स, फरसाण, मसाला शेंगदाणे यांत दूध कशाला असेल?

मलाही असंच वाटायचं. जवळजवळ वर्षभर मी एका कंपनीच्या टोमॅटो चवीच्या चिप्स खात होते. बटाटा, तेल, मीठ, मसाला, यात दूध कुठून येणार, म्हणून यादी कधी वाचलीच नाही. एकदा सोलापूर-पुणे प्रवासात गाडी बराच वेळ थांबली होती. हातात रिकामं पाकीट होतं, सहज वाचलं. "सीझनिंग" या शब्दानंतर कंसात मिल्क सॉलिड्स. त्या दिवशी फार वाईट वाटलं. तेव्हापासून मसालेदार वस्तूची यादी मी सर्वांत आधी वाचते.

कारण साधं आहे. कोरडा मसाला चिपला चिकटून राहावा, आंबट-तिखट चव जिभेवर रेंगाळावी, यासाठी व्हे पावडर, लॅक्टोज किंवा चीज पावडर स्वस्तात उपयोगी पडते. "क्रीम अँड ओनियन" मध्ये दूध असणार हे कुणीही ओळखेल. टोमॅटो, पेरी पेरी, "मॅजिक मसाला" छापाच्या चवींत ते अनपेक्षित असतं. नूडल्सच्या मसाल्याच्या पुडीत, सूपच्या पाकिटात आणि पॉपकॉर्नवरही असंच शोधा. साध्या खारट चिप्स, खारे शेंगदाणे, साधी शेव यांत सहसा काही नसतं.

इथं एक बारीक नियम कामाला येतो. मसाल्यासारखा मिश्र घटक पदार्थात पाच टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्याच्या पोटातले घटक यादीत फोडून सांगायची गरज नसते. म्हणजे यादीत नुसतं "मसाला" असेल आणि आत दूध असेल, असं होऊ शकतं. अशा वेळी ऍलर्जीची ओळच तुम्हाला वाचवते, म्हणून ती आधी बघा असं प्रश्न ३ मध्ये म्हटलं.

१०. आपल्या सोलापूरच्या पदार्थांपैकी काय डोळे झाकून घ्यावं?

शेंगा चटणी पहिली. भाजलेले दाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ, आणि कुटताना दाण्यालाच सुटलेलं तेल. कडक भाकरी दुसरी: ज्वारीचं किंवा बाजरीचं पीठ, पाणी, मीठ, वरून तीळ. थंडीतला हुरडा आणि त्यासोबतच्या कोरड्या चटण्या. एवढं हाताशी असलं की प्रवासात उपाशी राहायची वेळ येत नाही.

डोळे उघडे ठेवावेत अशा वस्तू: शेंगापोळी लाटताना तेल वापरतात, पण भाजताना किंवा वाढताना वरून तूप सोडतात, म्हणून पाकिटावर तूप आहे का ते बघा. चिक्की बऱ्याच ठिकाणी दाणे आणि गूळ एवढ्यावरच होते, पण काही जण पाकात तूप घालतात. तिळाच्या लाडवांचंही तसंच. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर सुटी मिठाई घेताना मी सरळ विचारते, "मामा, तूप घातलंय का तेल?" खरं सांगतात.

आणि सांडगी मिरची! ही कुणाच्याच ध्यानात येत नाही. मसाला भरलेली मिरची दह्यात किंवा ताकात भिजवून वाळवतात. तळल्यावर ती इतकी कोरडी आणि खमंग लागते की ताकाची आठवणही येत नाही. पुडीवर यादी असेल तर "दही", "ताक" किंवा "कर्ड" शोधा. बचत गटाकडून सुटी घेत असाल तर ताईंना विचारा, त्या मीठ-लिंबात मुरवलेली करूनही देतात.

११. बेकरीतली सुटी खारी, टोस्ट, नानकटाई यांवर लेबलच नसतं. कसं ओळखायचं?

विचारायचं, आणि बरोबर शब्दांत विचारायचं. "यात दूध आहे का?" असं विचारलं की "नाही हो, दूध कशाला" असं उत्तर येतं, कारण पातेल्यातलं दूध त्यांनी ओतलेलं नसतं.

शहरातल्या एका जुन्या बेकरीत मी खारीबद्दल विचारत होते. मामा म्हणाले, "तूप नाही, मार्गारिन आहे, बिनधास्त न्या." मी म्हटलं, खोकं दाखवाल का? ते आत गेले आणि पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आले. आत बटर पेपरात गुंडाळलेली मार्गारिनची, म्हणजे तेलापासून केलेल्या लोण्यासारख्या पदार्थाची, पिवळीधमक लादी. पदर सुटावेत म्हणून खारीच्या घड्यांत तीच लावतात. खोक्याच्या बाजूला पिठाचा हात लागून अक्षरं पुसट झाली होती. मामांनी सदऱ्याच्या बाहीनं पुसलं आणि दोघांनी मिळून वाचलं: वनस्पती तेलं, पाणी, मीठ, आणि मग मिल्क सॉलिड्स. त्यांनाही ते पहिल्यांदाच कळत होतं. मग त्यांनी आपण होऊन दुसरा डबा आणला, नानकटाईत घालायच्या वनस्पती तुपाचा. त्यात दुधाचं काही नव्हतं. खारी राहिली, नानकटाई घरी आली.

तर मार्गारिन म्हणजे दूध नाही, हे गृहीत धरू नका. काहींत असतं, काहींत नसतं. वनस्पती, ज्याला आपण सगळे डालडा म्हणतो, ते मात्र घट्ट केलेलं वनस्पती तेल असतं. "तूप" शब्दाचाही घोळ होतो. साजूक तूप दुधाचं, वनस्पती तूप तेलाचं, आणि बोलताना दोन्हीला नुसतं तूप म्हणतात. टोस्टमध्ये वरून दूध पावडर असू शकते, तेही वेगळं विचारा. केकवरच्या पांढऱ्या क्रीमबद्दल पुढे वाचा.

१२. "नॉन-डेअरी" लिहिलेलं क्रीम, फ्रोझन डेझर्ट, डार्क चॉकलेट, लॅक्टोज-फ्री दूध यांतलं काय चालतं?

चारांची चार वेगळी उत्तरं आहेत.

नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम आणि चहा-कॉफीतली पांढरी पावडर यांत स्निग्धांश वनस्पतीचा असतो, पण ते पाण्यात नीट मिसळावं म्हणून सोडियम केसिनेट घालतात. म्हणजे समोर "नॉन-डेअरी" आणि मागं दुधाचं प्रथिन. मला हे पटत नाही. ज्यांना पुढचा मोठा शब्द वाचून विश्वास ठेवायची सवय आहे त्यांची यात दिशाभूल होते. केसिनेट नसलेली क्रीमही मिळतात, केक सांगताना बेकरीवाल्याला खोक्याचा फोटो पाठवायला सांगा.

फ्रोझन डेझर्ट म्हणजे आइस्क्रीममधल्या दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल. बाकीचं दूध, म्हणजे मिल्क सॉलिड्स, बहुधा तिथंच असतं. डार्क चॉकलेट कोको, साखर आणि कोको बटर एवढ्यावर होऊ शकतं, पण अनेक कंपन्या मिल्क फॅट किंवा बटर ऑइल घालतात. कोकोची टक्केवारी जास्त म्हणजे दूध नाही, असं नसतं, यादीच वाचा. लॅक्टोज-फ्री दूध हे दूधच, त्यातली साखर एन्झाइमनं फोडलेली असते एवढंच.

१३. औषधाच्या गोळ्यांत लॅक्टोज असतं म्हणे. मग काय करायचं?

असतं, आणि अगदी सर्रास. गोळीतलं औषध काही मिलिग्रॅम असतं, ती हातात धरता यावी म्हणून भर घालतात आणि लॅक्टोज त्यासाठी फार वापरलं जातं. होमिओपॅथीत औषध घोटून चूर्ण करतात तेही मिल्क शुगरमध्ये, म्हणजे लॅक्टोजमध्येच. पांढऱ्या साबुदाण्यासारख्या गोळ्या बहुधा उसाच्या साखरेच्या असतात. बद्धकोष्ठावरचं लॅक्ट्युलोजचं सिरपही लॅक्टोजपासून बनतं.

पण कळकळीनं सांगते, डॉक्टरांनी दिलेली गोळी यासाठी बंद करू नका. डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारा की हेच औषध दुसऱ्या कंपनीचं किंवा सिरप, कॅप्सूल अशा दुसऱ्या रूपात लॅक्टोजशिवाय मिळतं का. मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर गोळी घ्या आणि बरे व्हा. ताकदीच्या पावडरी आणि प्रोटीनचे डबे मात्र तुमच्या निवडीचे असतात. तिथं व्हे आणि केसीन उघड लिहिलेलं असतं, वाटाणा किंवा सोयाचं प्रोटीन निवडा.

१४. माझ्या मुलाला दुधाची ऍलर्जी आहे. व्हिगन वस्तू त्याला देऊ का?

हा प्रश्न आई-वडिलांकडून येतो, आणि त्याचं उत्तर मी नेहमी सावकाश देते. व्हिगन माणूस दूध टाळतो ते तत्त्वासाठी. त्याच्या पोटात चुकून चिमूटभर गेलं तर मनाला लागतं, जिवाला नाही. ऍलर्जीच्या मुलाला चिमूटभरही घातक ठरू शकतं. म्हणून "मे कंटेन" लिहिलेली वस्तू त्याला देऊ नका, सुटी बेकरीची वस्तू देऊ नका, आणि "व्हिगन" शब्द दिसला तरी ऍलर्जीची ओळ वाचा. प्रश्न ५ आणि ७ मध्ये "मी घेते" म्हटलं ते माझ्यापुरतं आहे. मुलाचं पथ्य डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. आणखी एक: दूध न पचणं, म्हणजे लॅक्टोज न सोसणं, ही ऍलर्जीपेक्षा वेगळी गोष्ट आहे. दोन्हीला एकच नियम लावू नका.

१५. "नॅचरल फ्लेवर", "एन्झाइम्स", "कल्चर" असं लिहिलं असेल आणि दूध कुठंच नसेल तर?

इथं कंपनीला विचारणं हाच मार्ग. प्रत्येक पाकिटावर ग्राहक सेवेचा फोन किंवा ईमेल असतो. "तुमची वस्तू व्हिगन आहे का?" एवढंच विचारलं तर "आमची सर्व उत्पादनं शाकाहारी आहेत" असं ठरलेलं उत्तर येतं. त्याऐवजी वस्तूचं नाव, पाकिटावरचा बॅच क्रमांक आणि नेमका प्रश्न लिहा: "यातलं बटर फ्लेवर दुधापासून काढलेलं आहे का? फ्लेवरला आधार म्हणून लॅक्टोज वापरलं आहे का?" नेमकं विचारलं की प्रश्न योग्य टेबलावर जातो. कृत्रिम बटर फ्लेवरमध्ये बहुधा दूध नसतं, नैसर्गिक म्हटलं की शंका घ्यावी. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर मी ती वस्तू सोडून देते.

१६. एकदा तपासलेली वस्तू पुन्हा तपासायची का?

हो. कंपन्या घटक बदलतात आणि पाकिटाचं रूप तेच ठेवतात. "नवी चव", "आता आणखी कुरकुरीत" असं दिसलं की नक्की वाचा. ऑनलाइन मागवताना फोटोतली यादी जुनी असू शकते, घरी आलेलं पाकीट वाचून मगच फोडा.

१७. साखरेत हाडांचा कोळसा असतो असं ऐकलं. आपल्या जिल्ह्यातली साखर चालते का?

दुधाशी याचा संबंध नाही, तरी हा प्रश्न हमखास येतो, जिल्हाच साखर कारखान्यांचा आहे. हाडांचा कोळसा ही परदेशातल्या काही रिफायनऱ्यांची पद्धत. आपल्या कारखान्यांत उसाचा रस प्रामुख्यानं चुना आणि गंधकाचा धूर वापरून स्वच्छ करतात. साखर खुशाल वापरा.

१८. आईला इंग्रजी वाचता येत नाही. ती दुकानात एकटी गेली तर?

माझ्या आत्यासाठी आम्ही केलेली सोय सांगते. एका पुठ्ठ्यावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत सहा शब्द लिहिले: मिल्क, व्हे, केसीन, लॅक्टोज, बटर, घी. खाली मराठीत तेच. वर चिकटपट्टी लावली म्हणजे पाण्यानं फाटणार नाही, आणि पुठ्ठा तिच्या बाजाराच्या पिशवीत ठेवून दिला. "केसीन" लिहिताना फक्त पहिली चार अक्षरं लिहिली, म्हणजे केसिनेटही त्यात सापडतं. "बटर" पुढं कोको आणि पीनट असेल तर चालतं, हेही मराठीत लिहून ठेवलं. आत्या पाकीट आणि पुठ्ठा दोन्ही दुकानातल्या पोराच्या हातात देते आणि म्हणते, "बाळा, यातलं एक तरी नाव आहे का बघ रे." आता तो पोरगा तिला लांबून बघितलं की आधीच सांगतो, "आज्जी, त्या टोस्टमध्ये आहे, हे घ्या, ह्यात नाही."